रडू न येणारी पोर

दुपारची भांडी आवरून कुणी सूप पुढ्यात घेऊन बसल्या असाल, कुणी बांधावर भाकरी सोडून बसल्या असाल. मी तुमच्या गटांची सहयोगिनी बोलतेय. एरवी माझ्या तोंडून तुम्ही बचत, व्याज आणि परतफेड एवढंच ऐकता. आजचा विषय वेगळा आहे, पण तो सुरू झाला कर्जाच्या एका अर्जावरूनच.

मागच्या वर्षी एका गटाच्या मासिक बैठकीत एक काकू अंतर्गत कर्ज मागायला उभ्या राहिल्या. कारण लिहिलं होतं, मुलीचं लग्न. त्यांचे मालक जाऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते. रानात काम करता करता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मुलगी १९ वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. भावकीचं म्हणणं असं की वर्षाच्या आत लग्न उरकून घ्यावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. स्थळ आलेलं होतं, मुलगाही बरा होता.

मी विचारलं, "काकू, पोरीला विचारलं का?"

"विचारलं की. हो म्हणाली."

शेजारी बसलेली त्यांची जाऊ हळूच म्हणाली, "ती आता सगळ्यालाच हो म्हणती. च्या घेतीस का, हो. झोपतीस का, हो. बाप गेल्यापासनं डोळ्यातनं एक टिपूस नाही काढलं. दगड झालीय पोर."

मला माझीच लाज वाटली. कारण दहाव्याच्या आधी मी त्यांच्या घरी भेटायला गेले होते. ती पोर आल्यागेल्याला पाणी देत होती, आईला सावरत होती, धाकट्या भावाला जेवू घालत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "किती धीराची पोर आहे!" ती धीराची नव्हती. ती बधिर झाली होती. आणि हे मला तरी ओळखता यायला हवं होतं, कारण मी स्वतः त्यातून गेले आहे.

ही गोष्ट मी त्या मुलीला आणि तिच्या आईला विचारून सांगतेय. नाव-गाव सांगणार नाही.

माझंही असंच झालं होतं

मी २० वर्षांची होते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. बाबा बाजारातून येताना अपघातात गेले. अंगणात आत्याने हंबरडा फोडला, आई भिंतीला टेकून बसली आणि मी चुलीपाशी चहा करत होते. किती कप कमी पडले, कुणाकडून आणले, हे मला आजही आठवतं. बाबांचा चेहरा त्या दिवशी कसा दिसत होता, ते आठवत नाही. बायका कुजबुजल्या, "बापाची एवढी लाडकी, आणि डोळ्याला पाणी नाही."

मलाही तेच कोडं पडलं होतं. रात्री अंथरुणात पडून मी मुद्दाम बाबांचं काहीबाही आठवायची, रडू यावं म्हणून. यायचं नाही. मग वाटायचं, माझं त्यांच्यावर प्रेमच नव्हतं का? मी वाईट मुलगी आहे का?

आठ महिन्यांनी पावसाळा आला. मी माळ्यावरची छत्री काढली. छत्रीची मूठ निखळली होती आणि बाबांनी ती सुतळीने बांधून ठेवली होती. त्यांची ती गाठ बघितली आणि मी तिथेच शिडीवर बसून रडले. तासभर रडले असेन. आई धावत आली. तिला वाटलं मी पडले.

बधिरपणा म्हणजे नेमकं काय

गवत कापताना विळा बोटाला लागतो, तेव्हा पहिल्या क्षणी कळत नाही. रक्त दिसतं, पण दुखत नाही. आग नंतर होते. मनाचंही तसंच होतं. धक्का फार मोठा असला की शरीर आणि मेंदू भावना काही काळ अडवून धरतात. आपल्या मोटारीचा स्टार्टर जसा पडतो तसं. तो बिघडला म्हणून पडत नाही, मोटार जळू नये म्हणून पडतो.

हा बधिरपणा कसा ओळखायचा? असं झालेली माणसं साधारण पुढच्यासारखं सांगतात.

"सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटतं." "लोकांचा आवाज लांबून येतोय असं वाटतं." "जेवते, पण चव कळत नाही." "आनंदाची बातमी आली तरी काही वाटत नाही, वाईट आली तरी नाही." "आत पोकळ झाल्यासारखं वाटतं." काहींना झोप फार लागते, काहींना लागतच नाही. वस्तू कुठे ठेवली ते विसरायला होतं. पुस्तकाचं एकच पान चारदा वाचलं जातं. काही पोरं तासन्‌तास मोबाइल बघत बसतात आणि आपल्याला वाटतं, बघा, ह्याला कशाचं काही नाही.

रडू न येणं म्हणजे प्रेम नसणं नव्हे. ज्याचं दुःख झेपत नाही त्याच्यापुढेच मन असं दार लावून घेतं.

"दुःखाच्या पाच पायऱ्या असतात" असं काही जणींनी ऐकलं असेल. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस नावाच्या डॉक्टर बाईंनी १९६९ साली एक पुस्तक लिहिलं, त्यातून त्या पायऱ्या जगभर गेल्या. पण ते पुस्तक मुळात स्वतःचं मरण समोर दिसत असलेल्या आजारी माणसांशी बोलून लिहिलेलं होतं. मागे राहिलेल्या माणसाने आधी नाकारायचं, मग चिडायचं, मग रडायचं, अशी शाळेच्या इयत्तांसारखी रांग नसते. कुणी पहिल्या दिवशी रडतं, कुणी आठव्या महिन्यात. कुणी फार रडतच नाही, आणि तरी सावरतं.

नंतरच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ साली मांडलं की दुःखातला माणूस दोन बाजूंना झुलत असतो. कधी तो गेलेल्या माणसाच्या आठवणीत असतो, कधी रोजच्या कामात, नव्या जबाबदारीत. हे झुलणं चांगलं असतं. म्हणून बाप गेल्यावर महिन्याने पोर मैत्रिणीबरोबर खळखळून हसली, तर तिला नावं ठेवू नका. तेवढा वेळ तिचं मन विसावा घेतंय.

कोवळ्या वयात हे जड का जातं

एक तर या वयात मृत्यू जवळून पाहिलेला नसतो. मैत्रिणींना काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून त्या टाळतात. पोरीला वाटतं, मी एकटी पडले.

दुसरं म्हणजे आपण घाईने त्यांना मोठं करून टाकतो. "आता तूच आईचा आधार." आणि पोरगा असेल तर आणखी वाईट. १६ वर्षांचं पोर हातात मडकं धरतं, बापाला अग्नी देतं, आणि घरी आल्यावर त्याला सांगतात, "रडायचं नाही, आता तू घरचा कर्ता." ज्याला आधार व्हायचंय त्याने रडायचं कधी? तो रडणं गिळतो, आणि गिळता गिळता बधिर होतो. मग सहा महिन्यांनी तो चिडचिडा होतो, गाडी वेगाने चालवतो, कुणाच्या नादाने प्यायला लागतो. आपण म्हणतो, बिघडला.

तिसरं असं की विचार करून निर्णय घेणारा मेंदूचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यात असा धक्का बसला तर पुढचं काही दिसेनासं होतं.

बधिर माणसाचा होकार

आता मी आज मुद्दाम जे सांगायला आले ते सांगते. बधिर झालेला माणूस भांडत नाही. विचारलं की हो म्हणतो, कारण हो आणि नाही यात त्याला फरकच वाटत नसतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे सगळे मोठे निर्णय उरकले जातात.

बाबा गेल्यावर दीड महिन्याने घरातली मोठी माणसं मला तालुक्याला घेऊन गेली. एका कागदावर सही करायला सांगितली. मी केली. पेन निळं होतं, बाहेर कुणीतरी भजी तळत होतं, हे आठवतं. कागदावर काय होतं ते मी वाचलंच नाही. ते हक्कसोडपत्र होतं. जमीन भावाकडे गेली याचं मला फार वाटत नाही, भाऊ माझा चांगला आहे. कदाचित मी शुद्धीवर असते तरी सही केली असती. पण ती सही करताना मी तिथे नव्हते, हे मला अजून लागतं.

म्हणून लक्षात ठेवा. वारस नोंद वेगळी आणि हक्कसोड वेगळं. वारस नोंद वेळेत करून घ्या, त्यात वारसांची नावं लागतात. हक्कसोड म्हणजे आपला वाटा सोडून देणं, आणि ते नोंदणी करून दिलेलं असतं, सहज मागे घेता येत नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली बदल झाला आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तो ठेवायचा की सोडायचा हे तिचं तिने ठरवावं, पण शुद्धीत असताना. दुखवट्यातल्या पोरीपुढे कागद सरकवू नका.

लग्नाचं तेच. मुलगी १८ च्या आतली असेल तर २००६ च्या कायद्याने तो बालविवाह आहे, तिथे बोलणंच संपलं. १०९८ या नंबरवर फोन करता येतो. पण १९ वर्षांची असेल तर? कायदा आड येत नाही. आड यायला आपणच असतो.

त्या बैठकीत तेच झालं. काकू वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. घरात पुरुष माणूस नाही, वयात आलेली पोर, डोक्यावर खताच्या दुकानाची उधारी. त्यांनाही वाटत होतं, एक ओझं तरी उतरेल. गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "बाई, कर्ज आम्ही नाही म्हणत नाही. पण तीन महिन्यांनी विचारू. तोवर पोरीला दर बैठकीला घेऊन ये. आमचं इतिवृत्त लिहायला कुणी नाही, ती लिहील." काकूंना राग आला. त्या दिवशी न बोलता उठून गेल्या. पण पुढच्या महिन्यात पोरीला घेऊन आल्या.

ज्याच्यावर बेतलंय त्याने काय करावं

ऐकणाऱ्यांत अशी एखादी पोर किंवा पोरगा असेल, तर हे तुझ्यासाठी.

रडायचा प्रयत्न करू नकोस. रडणं ही परीक्षा नाही. येईल तेव्हा येईल.

आधी शरीर सांभाळ. भूक लागली नाही तरी ठरल्या वेळी दोन घास खा. सकाळी उन्हात थोडं चाल. रात्री झोप आली नाही तरी दिवा मालवून आडवी हो. मन बधिर असलं की शरीराच्या वाटेने त्याला परत आणावं लागतं. गार पाण्यात हात घाल, पाणी किती गार आहे ते बघ. पीठ मळताना ते हाताला कसं लागतंय तिकडे लक्ष दे. एवढ्याशाने दुःख जात नाही, पण आपण इथे आहोत हे कळायला लागतं.

एखादी वस्तू जवळ ठेव. शर्ट, घड्याळ, चष्मा, काहीही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं ती घेऊन बस. काही वाटलं तर वाटू दे, नाही वाटलं तर परत ठेवून दे.

बोलता येत नसेल तर लिही. "बाबा, आज अमुक झालं" एवढी एक ओळसुद्धा चालते. कुणाला दाखवायची नाही.

दारू, गुटखा, मिश्री, कुणाच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या, यांच्या वाटेला जाऊ नकोस. त्यांनी बधिरपणा वाढतो. काहीतरी जाणवावं म्हणून स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर त्याच दिवशी विश्वासाच्या माणसाला सांग.

आणि सही, लग्न, शिक्षण सोडणं यांबद्दल कुणी विचारलं, तर एकच वाक्य पाठ कर. "मला आत्ता कळत नाही, मी नंतर सांगते." हे वाक्य बोलण्यात उद्धटपणा नाही.

आपण बायांनी काय करावं

आपल्याकडे चाल चांगली आहे. ज्या घरी चूल पेटत नाही तिथे शेजारचे पिठलं-भाकरी पोचवतात, कडू घास नेतात. पण तेरावा झाला की माणसं पांगतात. आणि बधिरपणा बहुतेक वेळा त्याच्यानंतर उतरायला लागतो. म्हणजे आग सुरू होते तेव्हा जवळ कुणी नसतं.

म्हणून गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख लिहून ठेवा. एक महिना, तीन महिने, सहा महिने, वर्षश्राद्ध, आणि पहिला मोठा सण. त्या त्या वेळी गटातल्या दोघी जणी त्या घरी जातील, आणि फक्त विधवा झालेल्या बाईपाशी नाही, तर पोरांपाशीही बसतील.

बोलताना "रड एकदाची, मोकळी हो" म्हणू नका. "देवाला चांगली माणसं आवडतात" म्हणू नका. "किती धीराची" तर मुळीच म्हणू नका, ही चूक मी केलेली आहे. त्यापेक्षा म्हणा, "मी आलेय. बोलायचं नसेल तर नुसतं बसू." आणि एखादी आठवण सांगा. "तुझे वडील एकदा आमच्या बैलाला औषध घेऊन रात्री आले होते." गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला आपण घाबरतो. पोरांना मात्र ते नाव ऐकायची भूक असते.

जबरदस्तीने बोलतं करू नका. सोबत काम करा. शेंगा फोडताना, लसूण सोलताना जे बोललं जातं ते समोरासमोर बसून विचारल्यावर बोललं जात नाही.

दवाखान्यात केव्हा जावं

पहिल्या काही आठवड्यांतला, महिन्यांतला बधिरपणा हा आजार नाही. पण तो कधी कधी सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबत गेलेल्या दुःखाची आता वेगळी नोंद आहे, आणि भावना बधिर होणं हे त्याचं एक लक्षण सांगितलं आहे. किमान सहा महिने उलटले, आपल्या समाजाच्या रीतीप्रमाणे दुःखाचा जो काळ असतो तोही गेला, आणि तरीही माणूस त्याच दुःखात अडकून शिक्षण, काम, घर काहीच करू शकत नसेल, तर मदत घ्यावी. मदत घेणं म्हणजे वेड लागणं नाही.

काही वेळा मात्र महिने मोजत बसायचं नाही. "मी पण त्यांच्याकडे जाते", "माझ्या जगण्याचा काय उपयोग" असं बोलणं, स्वतःला इजा करणं, खाणंपिणं बंद होणं, कुणी दिसतंय-बोलतंय असं सतत म्हणून भेदरून जाणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी हालचाल करा. त्या घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा किंवा शेजारी नेऊन ठेवा. माणसाला एकटं सोडू नका. आणि सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

फोन करायचा नंबर आहे १४४१६. ही सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. परत सांगते, लिहून घ्या. एक, चार, चार, एक, सहा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे कसं जायचं हे आशाताईला विचारा. एकटीला पाठवू नका, गटातली कुणीतरी सोबत जा.

त्या पोरीचं पुढे काय झालं

ती इतिवृत्त लिहायला लागली. पहिले दोन महिने मान वर करत नव्हती. हजर सभासद इतके, गैरहजर इतके, बचत इतकी. अक्षर मात्र मोत्यासारखं. तिसऱ्या बैठकीत परतफेडीची यादी लिहिताना तिच्या वडिलांच्या नावावरचा एक जुना व्यवहार आला, बी-बियाण्यासाठी आईच्या नावाने घेतलेल्या कर्जाचा. जामीन म्हणून त्यांची सही होती. ती सही बघून तिचा हात थांबला. मग वहीवर पाणी पडायला लागलं. कुणी काही बोललं नाही. जावेने नुसता पदर पुढे केला. अध्यक्षांनी वही बाजूला घेतली, तेवढं पान भिजू नये म्हणून.

घरी जाऊन तिने आईला सांगितलं, "मला आत्ता लग्न नको. परीक्षा देऊ दे." तिसऱ्या महिन्यातला काकूंचा कर्जाचा अर्ज आला, तो परीक्षा फी आणि बसच्या पासासाठी. पुढे ती लग्न करेल, तीन वर्षांनी करेल, ते तिचं ती बघेल. पण आता हो म्हणेल तेव्हा ती खरंच हो म्हणत असेल.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एक काम करा. आपल्या गावात या वर्षात कोणकोणत्या घरात दुःख झालंय ते आठवा. त्या घरात १४ ते २४ वयाचं कोण आहे ते बघा. आणि दोघी जणी ठरवा, कोण जाणार. हातात काही नेलं नाही तरी चालेल. जाऊन बसा.